चांगला हकीम कसा निवडायचा: बगदाद, दमास्कस आणि कैरोच्या जुन्या वैद्यांची रीत

घरात कोणी आजारी पडलं की पहिला प्रश्न एकच, कुणाकडे न्यायचं. शेजारच्या काकू एक नाव सांगतात, मामा दुसरं, आणि फॅमिली ग्रुपवर तिसरंच येतं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी बगदादमधल्या माणसालाही हाच प्रश्न पडायचा आणि तिथल्या वैद्यांनी त्याचं उत्तर चक्क पुस्तकं लिहून दिलंय, वैद्य कसा असावा, त्याची परीक्षा कुणी घ्यावी, पेशंटनं काय लपवू नये, भेटायला येणाऱ्यानं कसं वागावं, इतकं सगळं. मी गेली चार-पाच वर्षं हे जमेल तसं वाचतेय आणि मला मनापासून वाटतं की यातलं बरंचसं आजही वापरता येतं. त्यांची औषधं नव्हे हं, ती आता घेऊ नका, नस कापून रक्त काढणं तर नकोच नको. वागायची रीत घ्यायची.

तर ती रीत खाली सांगते. स्वतःला तिथे उभं करून वाचा, म्हणजे समजा तुम्ही टायग्रिस नदीकाठी राहताय, घरात कुणाला चार दिवस ताप आहे आणि वैद्य बोलवायचाय.

सुरुवातीला एक गोष्ट. मध्ययुगातलं इस्लामी वैद्यक म्हटलं की सगळे मुसलमान हकीम डोळ्यासमोर येतात, पण तसं नव्हतं. भाषा सगळ्यांची अरबी, धर्म वेगवेगळे. वैद्याच्या आचारावर २० प्रकरणांचं अख्खं पुस्तक लिहिणारा इसहाक इब्न अली अल-रुहावी ९व्या शतकातला, रुहा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा तिथला, त्याला बहुतेक अभ्यासक ख्रिश्चन मानतात. ग्रीक पुस्तकं अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिश्चन, सिनान इब्न साबित हर्रानच्या साबी म्हणजे ग्रह-तारे पूजणाऱ्या घराण्यातला, कैरोचा मुसा इब्न मैमून ज्यू, आणि राझी, इब्न रिदवान, झहरावी मुसलमान. एकमेकांची पुस्तकं वाचायचे, एकमेकांशी कडाकडा भांडायचे, आणि पाया सगळ्यांचा एकच, जुने ग्रीक वैद्य बुक्रात म्हणजे हिपोक्रेटिस आणि जालीनूस म्हणजे गॅलेन.

आणि आपल्याला हे फार परकंही नाही बरं का. तब्येत, इलाज, मलम, हकीम, हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले, दवाखान्यातला दवासुद्धा तिथलाच. जुलाब हा शब्द घ्या, तिकडे जुलाब म्हणजे गुलाबपाण्याचं गोड सरबत, आजाऱ्याला द्यायचं, आणि आपल्यापर्यंत येता येता तो पोट साफ करायचं औषध झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया दा ओर्ता, त्याचं औषधांवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं, त्यातसुद्धा इब्न सीना या मोठ्या जुन्या हकिमाचं नाव सारखं येतं. असो, तापाकडे वळू.

नाव आणि अंगरखा बघून ठरवू नका

ही चूक तेव्हाही लोक करायचे. ९व्या शतकातल्या जाहिझ या लेखकानं असद इब्न जानी नावाच्या वैद्याची गोष्ट सांगितलीय. एका वर्षी साथ आली होती, घरोघरी आजारी, आणि तरी असदकडे कोणी फिरकेना. कुणीतरी विचारलं, अरे तू तर शिकलेला माणूस, हातात गुण आहे, मग असं का? तर तो म्हणाला, एक तर मी मुसलमान, आणि मुसलमानाला वैद्यकी जमत नाही असं लोकांनी मी जन्मायच्या आधीपासून ठरवून टाकलंय. नाव असद, ते जिब्राईल किंवा युहन्ना पाहिजे होतं. अंगावर पांढरी सुती चादर, ती काळी रेशमी पाहिजे होती. बोलतो साधं अरबी, बोलायला पाहिजे होतं इराणमधल्या जुंदीशापूरच्या लोकांसारखं. त्या काळात जुंदीशापूरचे ख्रिश्चन वैद्य म्हणजे सगळ्यात भारी अशी समजूत होती ना, म्हणून. मला ही गोष्ट वाचून वाईट वाटतं, कारण आपणही अजून आडनाव आणि केबिनचा एसी बघतोच.

इब्न रिदवानचंही असंच. कैरोजवळच्या गिझामधल्या गरीब भटारखानेवाल्याचा हा मुलगा, ९८८ सालचा जन्म, गुरूला द्यायला पैसे नव्हते म्हणून बहुतांशी पुस्तकं वाचून स्वतः शिकला आणि पुढे फातिमी खलिफांच्या इजिप्तमधला मुख्य वैद्य झाला. दिसायला तो चांगला नव्हता म्हणे, बगदादहून आलेल्या इब्न बुतलानशी त्याचं मोठं भांडण झालं तेव्हा इब्न बुतलाननं त्याला जिनांची मगर असं नाव ठेवलं. पण त्यानं चांगल्या वैद्याच्या ज्या सात गोष्टी सांगितल्यात त्यात कपड्यांबद्दल एवढंच आहे की नीटनेटके असावेत, अंग स्वच्छ असावं, वास चांगला यावा. तेवढं मात्र जरूर बघा. नखं बघा, हात बघा.

त्याला तपासलंय का कुणी?

९३१ साली बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीनं माणूस दगावला. बातमी खलिफा अल-मुक्तदिरपर्यंत गेली आणि त्यानं हुकूम काढला की दरबारी वैद्य सिनान इब्न साबितनं परीक्षा घेऊन लेखी परवानगी दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही. नावाजलेले आणि दरबारचे वैद्य सोडले तरी ८६०च्या वर माणसं परीक्षेला आली असं नोंदवलंय. एका शहरात! म्हणजे त्याआधी किती जणांची दुकानं तपासणीशिवाय चालू होती ते बघा.

त्यातलाच एक किस्सा. एक रुबाबदार म्हातारा सिनानसमोर येऊन बसला, सिनाननं मान देऊन जवळ बसवलं, वाटलं कोणी मोठा विद्वान आहे, काही ऐकवा म्हणाला. म्हाताऱ्यानं दिनारांची पुरचुंडी पुढे ठेवली आणि सरळ कबूल केलं की मला धड लिहिता-वाचता येत नाही पण माझं घर यावर चालतं, ते बंद करू नका. सिनान हसला आणि म्हणाला ठीक, पण एका अटीवर, जो आजार कळत नाही त्याला हात लावायचा नाही, आणि साध्या दुखण्याशिवाय नस कापायची नाही की जोरकस रेचक द्यायचं नाही. म्हातारा म्हणाला, अहो मी आयुष्यभर तेच करतोय, सिकंजबीन आणि जुलाबाच्या पुढे मी कधी गेलोच नाही. सिकंजबीन म्हणजे मध आणि व्हिनेगरचं सरबत. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला, कुणाकडे शिकलास विचारलं तर म्हणे बापाकडे, आणि बाप कोण तर कालचाच म्हातारा. सिनाननं त्यालाही तीच अट घातली, बापाच्या रीतीबाहेर जायचं नाही.

यावर लोक म्हणतात की बघा, परीक्षाच ढिली होती. मला तसं नाही वाटत. म्हाताऱ्याला आपली हद्द माहीत होती आणि सिनाननं तीच त्याच्याकडून वदवून घेतली. तुम्ही वैद्य निवडताना हाच प्रश्न विचारा, सरळ विचारा, हे तुम्ही स्वतः बघणार की याच्यासाठी दुसऱ्या कुणाकडे पाठवणार? ज्याला कधीच कुणाकडे पाठवावं लागत नाही असा माणूस मला तरी भीतीदायक वाटतो.

पुढच्या काळात ही तपासणी बाजाराची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मुहतसिबाकडे दिलेली दिसते. १२व्या शतकातल्या सीरियात शैझरीनं या अधिकाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात वजनमापं, भाजीवाले, खाटीक यांच्याबरोबर वैद्यही आहेत. वैद्याकडून हिपोक्रेटिसची शपथ घ्यायची, डोळ्याच्या वैद्याला हुनैनच्या डोळ्यांवरच्या पुस्तकावर प्रश्न विचारायचे, हाड बसवणाऱ्याला किती हाडं आणि प्रत्येकाचा आकार काय ते आलं पाहिजे. आणि नस उघडणाऱ्यानं माणसावर हात चालवण्याआधी पालेभाजीच्या पानातल्या शिरांवर सराव करायचा, हात स्थिर होईपर्यंत. हे मला फार आवडतं, पहिला पेशंट भाजीचं पान.

तो किती प्रश्न विचारतो ते मोजा

हा भाग नीट वाचा कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. त्या काळी वैद्याकडे लघवीची काचेची कुपी घेऊन जायचे, आणि लोकांची अपेक्षा अशी की त्यानं नुसती कुपी उजेडात धरून सगळं ओळखावं. राझीनं स्वतःचा अनुभव लिहून ठेवलाय. हा राझी म्हणजे तेहरानजवळच्या रय गावचा, ८६५च्या सुमाराचा जन्म, रयच्या आणि मग बगदादच्या हॉस्पिटलचा प्रमुख, देवी आणि गोवर वेगळे करून सांगणारा. त्यानं धंद्याच्या सुरुवातीला ठरवलं होतं की कुपी हातात आली की काही विचारायचं नाही, आणि लोक त्याला फार मानायचे. नंतर तो खोदून खोदून विचारायला लागला तर त्याची किंमत कमी झाली, लोक म्हणायला लागले आम्हाला वाटलं तुम्हाला बघूनच कळतं. म्हणजे जसजसा तो चांगला वैद्य होत गेला तसतसे लोक त्याला कच्चा समजायला लागले!

म्हणून तुम्ही उलटं करा. नाडीवर बोट ठेवून दोन सेकंदात आजाराचं नाव सांगणारा दिसला की सावध व्हा, आणि झोप कशी लागते, काय खाल्लं, भूक आहे का, आधी असं कधी झालं होतं, घरात अजून कुणाला आहे, घरात काही चिंता आहे का, असं विचारत बसणाऱ्याला कंटाळू नका. रुहावीनं तर वैद्यानं पेशंटला आणि सांभाळणाऱ्याला काय काय विचारायचं यावर वेगळं प्रकरणच लिहिलंय.

राझीच्या बैठकीचं वर्णन आहे, मोठ्या डोक्याचा म्हातारा मधोमध बसलेला, भोवती शिष्य, त्यांच्या मागे त्यांचे शिष्य, त्यांच्या मागे आणखी. पेशंट आला की आधी सगळ्यात बाहेरच्या कड्यातल्यांना दुखणं सांगायचा, त्यांना कळलं तर ठीक नाहीतर आतल्या कड्याकडे, आणि कुणालाच नाही कळलं तर राझी बोलायचा. आपल्या सरकारी हॉस्पिटलात आधी शिकाऊ डॉक्टर तपासतात तेव्हा लोक चिडतात, मोठे डॉक्टर कुठायत म्हणतात. चिडू नका, ही पद्धत फार जुनी आहे आणि बरी आहे, फक्त वरच्या माणसापर्यंत गोष्ट पोचते ना एवढं बघा.

औषध लिहितानाही लक्ष ठेवा. राझीचा नियम असा की खाण्यापिण्यानं भागत असेल तर औषध देऊ नये, आणि एका औषधानं भागत असेल तर दहा एकत्र करू नयेत. पहिल्याच भेटीत लांबलचक यादी हातात आली तर प्रत्येक औषध कशासाठी ते विचारायला लाजू नका.

कागद मागा

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. रुहावी लिहितो की वैद्यानं पहिल्या भेटीत पेशंटची अवस्था, आजाराचा अंदाज आणि दिलेला उपचार लिहून काढावा आणि त्याची एक प्रत आजाऱ्याच्या घरच्यांकडे ठेवावी. शैझरीकडे हे आणखी बारकाईनं येतं. दुसऱ्या दिवशी वैद्य पुन्हा येणार, लघवी बघणार, कमी-जास्त काय झालं विचारणार, त्याप्रमाणे औषध बदलणार आणि पुन्हा लिहून घरच्यांना देणार. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच, बरं होईपर्यंत किंवा माणूस जाईपर्यंत. बरं झालं तर वैद्याला फी आणि वर भेट. माणूस गेला तर घरच्यांनी ते सगळे कागद घेऊन मुख्य वैद्याकडे जायचं, त्यानं ते वाचायचे, आणि उपचार शास्त्राप्रमाणे झाला असेल, हयगय नसेल तर तसं सांगायचं की आयुष्यच तेवढं होतं. पण कागदात चूक दिसली तर घरच्यांना सांगायचं की या वैद्याकडून भरपाई घ्या, यानं हयगयीनं मारलंय.

किती सरळ आहे बघा. वैद्याला वाचवणाराही तोच कागद, पकडणाराही तोच. मारामारी नाही, काचा फोडणं नाही, आणि इकडून हात झटकणंही नाही. हां, पुस्तकात लिहिलेला नियम रोज गल्लीबोळात पाळला जायचा असं समजू नका, ही पुस्तकं काय व्हायला पाहिजे ते सांगतात. पण ज्यांनी हे लिहिलं त्यांना नक्की कळलं होतं की तोंडी कारभारात गरीब माणूस हरतो.

बाबांच्या वेळी हे मला उशिरा कळलं. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होतो, राउंडला रोज वेगळे डॉक्टर, काल काय बदललं ते आजच्यांना माहीत नसायचं, आणि फाईल मागितली की नर्स म्हणायच्या डिस्चार्जच्या वेळी मिळेल. मग आईनं शाळेची एक २०० पानी वही घेतली आणि तारीख, वेळ, कोण आलं, काय बोललं, कुठली गोळी बंद कुठली सुरू, जेवण किती, लघवी किती, सगळं लिहायला लागली. पाचव्या दिवशी त्या वहीमुळेच कळलं की एक गोळी दोनदा चालू आहे, वेगवेगळ्या नावांनी. तेव्हा मी रुहावी वाचलाही नव्हता. नंतर वाचला आणि त्या पानावर कितीतरी वेळ थांबून राहिले.

तर वैद्य कागद देत असेल तर उत्तम, देत नसेल तर तुम्ही लिहा, आणि पुढच्या भेटीत त्याच्यासमोर उघडा. चांगला डॉक्टर वही बघून खूश होतो. रागावला तर त्यातूनही तुम्हाला काहीतरी कळलंच.

कापायची वेळ आली तर

इथे झहरावीचं ऐका. हा अंदलुसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळचा, १०व्या शतकातला. त्याचा ग्रंथ ३० भागांचा आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, हत्यारांच्या चित्रांसकट. सुरुवातीलाच तो शिष्यांना माझ्या मुलांनो म्हणून सांगतो की शरीराची रचना माहीत नसताना हात घालाल तर माणूस माराल, आणि पाहिलेली उदाहरणं देतो. एका अडाणी वैद्यानं बाईच्या मानेवरची गाठ कापली, धमनी तुटली, आणि ती बाई त्याच्यासमोरच रक्त जाऊन मेली. दुसऱ्यानं म्हाताऱ्या माणसाचा मुतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाच ओढून आणला, तो माणूस तीन दिवसांत गेला. झहरावी म्हणतो त्या म्हाताऱ्यासाठी आधी मलाच बोलावलं होतं, आणि खड्याचा आकार आणि पेशंटची हालत बघून मला कळलं होतं की हा यातून वाचणार नाही.

मग तुम्ही काय विचारायचं? हे ऑपरेशन तुम्ही आधी किती वेळा केलंय, नाही केलं तर काय होईल, आणि तुमच्या घरचं माणूस असतं तर केलं असतं का. झहरावीचा शिष्यांना उपदेशच होता की हावरेपणापेक्षा सावधपणा जास्त ठेवा आणि पैशासाठी अवघड दुखण्यात उडी मारू नका.

पैसा, गुपित आणि नजर

इब्न रिदवानच्या सात गोष्टींतल्या बाकीच्या इथे कामाला येतात. पेशंटचं गुपित बाहेर काढू नये. फीपेक्षा बरं करायची ओढ जास्त असावी, आणि श्रीमंतापेक्षा गरिबाला बरं करायची ओढ जास्त असावी. शिकवायची हौस असावी. मोठ्या घरात गेल्यावर बायकांवर, मालमत्तेवर डोळा जाऊ नये. जीवघेणं औषध सांगू नये. आणि शत्रूलाही मित्रासारखाच उपचार द्यावा. त्यातच गर्भ पाडायचं औषध देऊ नये असंही आहे, ती त्या काळाची आणि हिपोक्रेटिसच्या शपथेची गोष्ट, ते आज आपण तसंच्या तसं घेणार नाही, आपला कायदा वेगळा आहे आणि मला तो बरा वाटतो.

गुपिताबद्दल राझीनंही एका शिष्याला पत्रात लिहिलंय, हा शिष्य एका राज्यकर्त्याच्या नोकरीत गेला होता. माणूस आईबापापासून, मुलांपासून लपवतो ते वैद्याला सांगतो, म्हणून वैद्याचं तोंड बंदच पाहिजे. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वैद्य तुमच्यासमोर दुसऱ्या पेशंटबद्दल काय बोलतो ते ऐका. नाव घेऊन किस्से सांगत असेल तर उद्या तुमचेही सांगणार.

आणि जीवघेणं औषध न देण्यावर हुनैनची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊच शकत नाही. खलिफा अल-मुतवक्किलला त्याला दरबारी वैद्य करायचं होतं पण संशय होता, म्हणून त्यानं हुनैनला सांगितलं, एका शत्रूला गुपचूप मारायचंय, विष बनवून दे, हवं ते देतो. हुनैन म्हणाला मी फक्त उपयोगी औषधं शिकलोय, दुसरी शिकलोच नाही. धमक्या दिल्या, मग वर्षभर कैदेत टाकलं, तिथे तो भाषांतर करत बसला. वर्षानं बाहेर काढून पुन्हा तेच, एका बाजूला पैसा आणि दुसऱ्या बाजूला तलवार. त्याचं उत्तर बदललं नाही. मग खलिफानं सांगितलं ही परीक्षा होती, आणि विचारलं की तुला कशानं थांबवलं. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या, माझा धर्म शत्रूशीही चांगलं वागायला सांगतो, आणि माझा पेशा माणसांच्या भल्यासाठी आहे, जीवघेणं औषध कुणाला देणार नाही अशी वैद्याची शपथ आहे. वर्षभराची कैद! मला कधीकधी वाटतं प्रत्येक मेडिकल कॉलेजात पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायला हवी.

फीच्या बाबतीत रुहावीचं म्हणणं व्यवहारी आहे. वैद्याला इतकं मिळालं पाहिजे की त्याला पोटासाठी दुसरा धंदा करावा लागू नये, आणि श्रीमंतांनी नीट पैसे दिले तर तो गरिबांना फुकट बघू शकतो. म्हणजे परवडत असेल तर घासाघीस करू नका, तुमच्या पैशात मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी वाटा आहे.

आता ढोंगी कसे ओळखायचे

थोडक्यात सांगते कारण हे तुम्ही पाहिलेलंच आहे. राझीनं लुच्च्यांच्या हातचलाखीची यादीच केलीय, कानातून अळ्या काढणारे, नाकातून पालीसारखं काहीतरी काढणारे, जिभेखालून बेडूक काढणारे, सगळं आधीच मुठीत लपवलेलं. आपल्याकडे जत्रेत आणि बसस्टँडबाहेर दातातली कीड काढून दाखवणारा बसतो तो याच घराण्यातला. लोक निष्णात वैद्य सोडून अशांकडे का जातात यावरही राझीनं वेगळं लिहिलंय, म्हणजे त्यालाही हा प्रश्न छळत होता. ओळखायची खूण एकच धरा, जो आजार बाहेर काढून हातावर ठेवून दाखवतो त्याच्याकडून उठून या.

आणि जो प्रत्येक गोष्टीला पुस्तकात लिहिलंय म्हणतो त्याच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. अब्द अल-लतीफ अल-बगदादी १२००च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात इजिप्तमध्ये होता, तिथे माणसांच्या हाडांचे ढीग पडले होते, त्यानं दोन हजारांवर कवट्या पाहिल्या आणि लिहिलं की गॅलेन खालचा जबडा दोन हाडांचा म्हणतो पण तो एकच आहे. राझीनंही गॅलेनबद्दलच्या शंकांचं वेगळं पुस्तक लिहिलं, आणि मेंदूच्या तापाच्या पेशंटांत काहींचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम नाही काढलं, काय फरक पडतो ते बघायला. गुरूचा मान ठेवूनही डोळे उघडे ठेवायचे.

तुमची बाजूही आहे

रुहावीच्या पुस्तकातली कितीतरी प्रकरणं वैद्यासाठी नाहीतच, पेशंटसाठी, सेवा करणाऱ्यांसाठी आणि भेटायला येणाऱ्यांसाठी आहेत. भेटायला जाल तर थोडा वेळ बसा, आजाऱ्याला घाबरवणारं बोलू नका, आणि वैद्यानं सांगितलेलं सोडून आपलं औषध सुचवू नका. आपल्याकडे तर माणूस सलाइनवर असतो आणि भेटायला आलेला सांगतो आमच्या साडूला अगदी हेच झालं होतं, गेला बिचारा. कृपा करून हे बंद करा. बाबांच्या खोलीबाहेर मी शेवटी कागद लावला होता, पाच मिनिटं आणि फक्त चांगल्या गप्पा.

आशेबद्दल राझी सांगतो की वैद्याला स्वतःला खात्री नसली तरी पेशंटला बरं होण्याची आशा लावावी, कारण शरीर मनामागून जातं. इथे मी अर्धीच सहमत आहे. आशा द्यावी, पण घरातल्या एका माणसाला तरी खरं काय ते सांगायला हवं, नाहीतर माणूस जायच्या आधी जे बोलायचं, उरकायचं ते राहून जातं. आमचं राहिलं.

खूप वैद्य करू नका असंही तो म्हणतो, जो दहा जणांना विचारतो त्याच्या वाट्याला दहाही जणांच्या चुका येतात. आज मोठ्या ऑपरेशनआधी दुसरं मत जरूर घ्यावं, पण एक भरवशाचा फॅमिली डॉक्टर धरा आणि सगळे कागद त्याच्याकडे आणा.

जवळ वैद्यच नसेल तर? राझीनं अशांसाठीच घरच्या घरी उपचारांचं पुस्तक लिहिलं, स्वयंपाकघरात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या गोष्टींचं. आणि १०व्या शतकाच्या सुरुवातीला वजीर अली इब्न ईसानं सिनानला पत्र लिहून सांगितलं की तुरुंगात गर्दीमुळे आजार होणारच, तेव्हा तिथे रोज वैद्य आणि औषधं पाठव, आणि इराकच्या खेड्यांत जिथे वैद्य नाही तिथे फिरतं पथक पाठव. पथक एका ज्यूंची वस्ती जास्त असलेल्या गावी पोचलं तेव्हा सिनाननं विचारलं यांना बघायचं का, त्याच्या हॉस्पिटलात तर सगळ्यांनाच बघत होते. वजिराचं उत्तर आलं की बघा, पण माणसं आधी, जनावरं नंतर, आणि मुसलमान आधी, बाकीचे नंतर. ते शेवटचं मला खटकतं आणि खटकायलाच हवं, इब्न रिदवाननं शत्रूलाही मित्रासारखं बघा म्हटलंय त्याच्यापुढे तर फारच. पुढे १२८४ साली सुलतान कलावूननं कैरोत जे प्रचंड हॉस्पिटल बांधलं त्यात तापाचा, डोळ्यांचा, जुलाबाचा, जखमांचा असे वॉर्ड वेगळे, बायकांची सोय वेगळी, आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना बरं होईपर्यंत राहायची मुभा.

शेवटी वैद्याच्या दमण्याचाही विचार करा. मुसा इब्न मैमून कैरोच्या दरबारात वैद्य होता. ११९९ साली एका भाषांतरकाराला त्यानं पत्रात कळवलं की मला भेटायला आलास तरी निवांत बोलायला एक तास मिळणार नाही. रोज सकाळी फुस्तातहून, म्हणजे शेजारच्या जुन्या शहरातून, कैरोला जायचं, दुपारनंतर उपाशी परत यायचं, तर ओसरी माणसांनी भरलेली, ज्यू, मुसलमान, श्रीमंत, गरीब. हात धुवून त्यांची माफी मागायची, दोन घास खायचे, दिवसातलं तेवढंच जेवण, आणि मग रात्र होईपर्यंत पेशंट. शेवटी शेवटी तो थकून आडवा पडूनच औषधं सांगायचा.

म्हणून जाताना तयारी करून जा. वहीच्या एका पानावर लिहा, दुखणं कधी सुरू झालं, दिवसाच्या कुठल्या वेळी वाढतं, खाणं, झोप आणि शौचाला कसं होतंय, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत (रिकामी पाकिटं बरोबर न्या), आधी कुठलं ऑपरेशन किंवा ॲलर्जी, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय ते. भीती सगळ्यात वर लिहा, कारण बहुतेक जण ती दाराशी पोचल्यावर, निघता निघता सांगतात, आणि तोपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो.